प्रथिनाचा मानपान

सांगायची अजिबात इच्छा नाही. पण जो येतो तो कट्ट्यावर बसतो, आमचाच चहा पितो आणि तेच विचारतो, म्हणून एकदाच सांगून मोकळं व्हायचं: आमच्या गावच्या कॉलेजात प्रांजल फुलारी या पोरीनं बनवलेलं प्रथिन मागच्या उन्हाळ्यात मानपान झाला नाही म्हणून रुसून बसलं. या गोष्टीत एक म्हातारा आहे, बाळकू गुरव. तो म्हणजे सांगणाराच. पण ‘मी असं केलं, मी तसं केलं’ हे पुढाऱ्यांना शोभतं, म्हणून त्याला म्हातारा म्हणायचं. मध्ये कोणी प्रश्न विचारायचे नाहीत.

प्रथिनं रुसतात यात नवल काही नाही. डाळीतली, अंड्यातली रुसत नाहीत, कारण त्यांचं आपलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. पण जे प्रथिन जगात कधी नव्हतंच आणि कुणीतरी बसून, ठरवून, कागदावर मांडून जन्माला घातलं, ते नव्या जावयासारखं असतं. बारीकसारीक गोष्ट मनाला लावून घेतं.

आमच्या कॉलेजात दर उन्हाळ्यात पदवीच्या पोरांना असली नवी प्रथिनं घडवायची संधी देतात. आधी हे काम मोठ्या शहरातल्या मोठ्या डिग्रीवाल्यांचं होतं. नलवडे मॅडम म्हणून एक बाई आहेत, त्यांनी वरच्या लोकांशी भांडून ते गावात आणलं. जागा थोड्या. ज्याला जागा मिळाली त्यानं एक प्रथिन स्वतः मांडायचं, करून घ्यायचं आणि सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांपुढं त्याच्याकडून काम करून दाखवायचं. जमलं तर पुढचं आख्खं वर्ष प्रयोगशाळेत राहायला मिळतं. नाही जमलं तर त्याची जागा दुसऱ्याला.

प्रांजलला ती वर्षाची जागा पाहिजे होती. ती म्हाताऱ्याच्या लेकीची, शालनची मुलगी. घर कराडला, शिकायला आमच्या गावात, राहायला होस्टेलवर. कराडला तिच्या बापाचे वडील, आनंदराव फुलारी, यांचं सिमेंटचं दुकान आहे आणि घरात त्यांचाच शब्द चालतो. त्यांनी सांगून ठेवलं होतं, जागा मिळाली तर शिक, नाहीतर जूनपासून दुकानात बिलं करायला बस. पोरीला बिलं करायची नव्हती.

तिनं प्रथिन मांडलं होतं ते रंग धरणारं. आमचं गाव मागाचं. कापड रंगवून झालं की रंगाचं पाणी ओढ्याला येतं. ओढा बघून कळतं की यंदा बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या चालल्यात. हे प्रथिन त्या पाण्यात सोडलं की रंगाला मिठी मारणार आणि पाणी मोकळं करणार, असं पोरीनं म्हाताऱ्याला एका रविवारी जेवता जेवता समजावलं होतं.

“म्हणजे मण्यांची माळ असते बघा आबा. पाण्यात सोडली की ती आपली आपण गोळा होते, घडी बसते तिची. घडी बरोबर बसली तर काम करते. नाही बसली तर नुसती दोरी.”

“आणि घडी कोण घालतं?”

“तीच घालते. आपण फक्त मणी कुठल्या क्रमानं ओवायचे ते ठरवायचं.”

“मग तुझं कौतुक कशाला?” म्हातारा म्हणाला. म्हाताऱ्याचं बोलणं असंच आहे.

तर ती माळ तयार झाली, पाण्यात सोडली, आणि घडी घालेना. यंत्राच्या पडद्यावर एक रेघ असते. घडी बसली की ती वाकते. ही वाकेना. सरळ पडून राहिली. दोन दिवस सगळ्यांनी पाणी बदललं, गार केलं, कोमट केलं, मीठ कमीजास्त केलं. तिसऱ्या दिवशी नळीतून आवाज आला.

“उगाच त्रास घेऊ नका,” प्रथिन म्हणालं. “माझा मान राहिलाय.”

नलवडे मॅडमनी हातमोजे काढले आणि जामदाडे भाऊसाहेबांना बोलावलं. जामदाडे म्हणजे कॉलेजातले क्लार्क. परीक्षेच्या फिया आणि प्रथिनांचे रुसवे ही दोन कामं त्यांच्याकडं. माणूस अनुभवी. त्यांनी रीतीप्रमाणं नळीपुढं टॉवेल, टोपी आणि नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, “झालं गेलं पोटात घ्या.”

“टोपी कुणाच्या मापाची आहे?” प्रथिनानं विचारलं.

जामदाड्यांनी टोपी उचलून आतला आकडा बघितला आणि परत ठेवली. मग ते प्रांजलला म्हणाले, “घरचं वडीलधारं माणूस आणा मध्यस्थीला. आपलं माणूस बोललं की नव्वद टक्के रुसवे निघतात.”

प्रांजल तशीच म्हाताऱ्याकडं आली. गुरुवार होता. म्हातारा दारात बसून वाटाणे सोलत होता.

“आबा, चला.”

“कुठं?”

“माझं प्रथिन रुसलंय. समजूत काढायची.”

म्हातारा हसला. तो फार हसत नाही. “अगं, आख्ख्या तालुक्यात तुला मीच सापडलो का?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हातारा सनईवाला. पंचक्रोशीतल्या लेकींच्या पाठवणीला त्याची सनई असायची. नवरी गाडीत बसताना काय वाजवायचं हे तो घर बघून ठरवायचा, मुलगी बघून ठरवायचा. स्वतःच्या शालनसाठी एक चाल त्यानं जपून ठेवली होती. कुणाच्या दारात वाजवली नव्हती, घरातसुद्धा नाही, म्हणजे तिनं आधी ऐकायला नको. कराडला लग्न झालं. शालन गाडीकडं निघाली. म्हाताऱ्यानं सनई ओठाला लावली, आणि व्याही आनंदराव मध्ये येऊन म्हणाले, “गुरव, ती पिपाणी आता आत ठेवा. डॉल्बी लावायचीय.”

शालन डॉल्बीवर गेली. म्हाताऱ्यानं सनई पिशवीत घातली ती घातली. तेव्हापासून तो कराडला गेला नाही, व्याह्याशी बोलला नाही आणि सनईला हात लावला नाही. शालन येते, जाते, प्रांजल येते, जाते. म्हातारा जात नाही. आता असल्या माणसाला रुसवा काढायला न्यायचं म्हणजे काय बोलायचं? पण पोरीचे डोळे बघून त्यानं वाटाण्याचं ताट बाजूला सारलं आणि चपला घातल्या.

प्रयोगशाळेच्या दारात जामदाड्यांनी अडवलं.

“तुम्ही मुलीचे आजोबा?”

“आईकडचा.”

“सध्या कुणावर रुसलेले आहात का?”

“आहे.”

“किती दिवस?”

“ही जन्मायच्या आधीपासनं.”

“मग मध्यस्थ म्हणून चालणार नाही,” जामदाडे म्हणाले. “रुसलेल्यानं रुसलेल्याची समजूत काढायची नाही, असा दंडक आहे. उलटं होतं. दोघं मिळून उठून जातात.”

प्रांजलचा चेहरा उतरला. नलवडे मॅडम आतून बघत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, लग्नात एखादा मामा रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला तर त्याला एकटं ठेवतात का?”

“छे! असं कसं? कुणीतरी सोबत बसवतात.”

“मग हे सोबती म्हणून बसतील.”

जामदाड्यांनी कान खाजवला. “सोबती चालेल. पण समजूत काढायची नाही हां, बाबा. नुसतं बसायचं.”

“मला तरी कुठं येतीय?” म्हातारा म्हणाला आणि आत गेला.

नळी बर्फाच्या डब्यात उभी होती. बोटाच्या पेराएवढी. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण कोणीतरी पाठ करून बसलंय हे म्हाताऱ्याला लगेच कळलं. त्यानं स्टूल ओढलं आणि तोही पाठ करून बसला. पंखा फिरत होता.

“तुम्ही कुणावर?” शेवटी प्रथिनानं विचारलं.

“व्याह्यावर.”

“बरं केलंत.”

“तू?”

“तुम्ही समजूत काढायला आलाय.”

“मला बंदी आहे. विचार त्या क्लार्कला.”

प्रथिनानं जरा विचार केला. मग म्हणालं, “मला पाण्यात सोडलं तेव्हा घरचं कोणी नव्हतं. बाकीच्यांना सोडलं तेव्हा त्यांची त्यांची पोरं उभी होती. एकानं उदबत्ती लावली होती. मॅडमनी विझवायला लावली, पण लावली तर होती. मला यंत्रानं सोडलं. टपकन.”

म्हाताऱ्यानं स्टूल जरा नळीकडं सरकवलं. समजूत काढायला त्याला बंदी होती.

दाराशी प्रांजल ऐकत होती. ती पुढं आली. “मी येणारच होते रे. त्या दिवशी दादांची पंच्याहत्तरी होती कराडला. मी म्हटलं होतं, मी दुपारी येते, माझं प्रथिन पाण्यात सोडायचंय. तर ते म्हणाले...”

“मला माहितीय काय म्हणाले,” प्रथिन म्हणालं. “आदल्या दिवशी तू बोललीस तेव्हा तुझा फोन या टेबलावर होता. आवाज मोठा होता. ‘थेंबभर तर आहे ते, त्याच्यापायी मांडव अडवायचा का? यंत्राला सांग.’ थेंबभर!”

म्हातारा स्टुलावर गर्रकन फिरला. “दादा म्हणजे आनंदराव?”

“हो,” प्रांजल म्हणाली.

म्हाताऱ्यानं नळीकडं पाहिलं. नळीतनंही कुणीतरी वळून त्याच्याकडं पाहिलं असणार.

“तुमचा व्याही तोच का?” प्रथिनानं विचारलं.

“तोच. लेकीच्या पाठवणीची चाल वाजवू दिली नाही, माझ्या सनईला पिपाणी म्हणाला होता.”

“अरेरे!” प्रथिन म्हणालं. हे एवढं एक कुणीतरी म्हणावं म्हणून म्हातारा इतकी वर्षं थांबला होता, आणि म्हणालं कोण, तर जे डोळ्याला दिसत नाही ते.

प्रांजल खाली बसली आणि नळीशी तोंड नेऊन म्हणाली, “मी चुकले. यायला पाहिजे होतं.”

“तुझ्यावर राग नाही ग,” प्रथिन म्हणालं. “तू माझा एकेक मणी निवडलास. एक बदलायला तीन दिवस रडत होतीस, मला आठवतंय. माझा रुसवा त्यांच्यावर. त्यांनी यावं, चुकलं म्हणावं. मग मी घडी घालतो.”

प्रांजलनं कराडला फोन लावला. पलीकडं गाडी उतरत होती, हमालांचा ओरडा ऐकू येत होता.

“मी?” आनंदराव म्हणाले. “मी येऊन थेंबाची माफी मागू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काय बाई संशोधन! बास झालं, सामान बांध आणि ये दुकानात. इथं बिलांचा ढीग पडलाय.”

फोन बंद झाला. प्रांजल भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. नलवडे मॅडम उगाच रिकाम्या बाटल्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायला लागल्या.

म्हातारा उठला. “लाव परत. मला दे.”

“आबा, तुम्ही दादांशी बोलत नाही.”

“मला माहितीय मी कुणाशी बोलत नाही. लाव.”

फोन लागला. म्हाताऱ्यानं तो कानाला न लावता तोंडासमोर, परातीसारखा धरला. “आनंदराव, बाळकू गुरव बोलतोय.”

पलीकडचे हमालसुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं.

“बोला,” आनंदराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. इतक्या वर्षांनी हा माणूस फोन करतो म्हणजे कशासाठी, हे त्यांनाही कळत होतं.

“शनिवारी सकाळी कॉलेजात या. एकाला तुम्ही लागेल असं बोलला होता. त्याची माफी मागायचीय.”

मग आनंदरावांनी हळूच विचारलं, “कुणाची म्हणालात?”

“प्रथिनाची.”

“प्रथिनाचीच ना? नुसती?”

“नुसती.”

“अहो मग येतो की!” आनंदराव म्हणाले. त्यांच्या छातीवरनं सिमेंटचं पोतं उतरल्यासारखा आवाज आला. “त्यात काय एवढं? येतो. फेटा आणू का?”

“आणा,” म्हातारा म्हणाला आणि फोन पोरीला दिला.

नळीतून सगळं ऐकून झालं होतं. “आजोबा,” प्रथिन म्हणालं, “त्यांनी आधी तुमची मागितल्याशिवाय मी शनिवारी घडी घालत नाही. सांगून ठेवतो.”

जामदाडे पुढं झाले. “असं दोन रुसवे एकत्र करता येत नाहीत.”

“येतात,” मॅडम म्हणाल्या. “दोन्हीकडचा माणूस एकच असेल तर येतात.”

“तसं असेल तर येतात,” जामदाडे म्हणाले.

सगळे म्हाताऱ्याकडं बघायला लागले. प्रांजलसुद्धा. तिच्या डोळ्यांत होतं की आबांनी हो म्हणावं. आणि भीती पण होती. आनंदराव दुसऱ्या माफीला अडले, तर शनिवार जाणार आणि तिची जागा जाणार.

म्हातारा स्टुलावर बसला. या वेळी नळीकडं तोंड करून.

“हे बघ बाळा,” तो म्हणाला, “तू म्हणालास तेवढ्यात मला माझं पोचलं. पण तू घडी घाल. तुझ्यावर पोरीचं वर्ष आहे. माझा रुसवा जुना आहे, त्याला घाई नाही. आणि खरं सांगू? शालनच्या लग्नातलं माझ्याजवळ तेवढंच उरलंय. ते तुझ्या गडबडीत कशाला काढू?”

“बाबा, समजूत काढू नका,” जामदाडे म्हणाले.

“समजूत नाही काढत. माझं सांगतोय.”

प्रथिनानं विचारलं, “ती चाल कशी होती?”

“कुठली?”

“जी वाजवायची राहिली.”

“तोंडानं सांगायची नसते ती,” म्हातारा म्हणाला आणि घरी आला. वाटाणे तसेच पडले होते. त्यानं आधी ते सोलले. मग माळ्यावरची पिशवी काढली, सनई पुसली आणि तिच्या तोंडाची पत्ती वाटीत भिजत घातली. ती तडकली. दुसरी घातली.

शनिवारी पुण्याचे पाहुणे आले. चष्मेवाले, शांत, पाण्याच्या बाटल्या हातात. मॅडमनी त्यांना सांगितलं की पहिला अर्धा तास मानपानाचा आहे, आणि त्यांनी माना डोलावल्या. पुण्यातही हे चालतंच. मग आनंदराव आले. डोक्याला फेटा, हातात दुसरा फेटा, मागं ड्रायव्हर नारळ घेऊन, आणि त्याच्या मागं शालन.

आनंदरावांनी जामदाड्यांना विचारलं, “कुठं आहेत?” जामदाड्यांनी नळी दाखवली. आनंदराव वाकले, फेटा डब्याशेजारी ठेवला आणि हात जोडले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुम्ही थेंबभर असलात तरी...”

“थेंबभर म्हणायचं नाही,” प्रथिन म्हणालं.

“नाही नाही. तुम्ही चांगले बरेच आहात. माझ्यामुळं तुमच्या वेळेला पोरगी नव्हती. असं व्हायला नको होतं. पोटात घाला.”

म्हातारा तिथंच, हातभर अंतरावर उभा होता. माणूस किती छान माफी मागू शकतो हे त्यानं नीट बघून घेतलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. आनंदराव सरळ झाले, म्हाताऱ्याकडं बघितलं, जरा घुटमळले आणि रुमालानं कपाळ पुसलं.

“मान पोचला,” प्रथिन म्हणालं. “आता मला परत पाण्यात सोडा. सगळे आहेत तोवर. आणि वाजवणारं कुणी आहे का?”

म्हाताऱ्यानं पिशवीतून सनई काढली. दाराशी शालननं एकदम दरवाजाची कडी धरली.

प्रांजलनं नवं पाणी घेतलं. तिनं यंत्राला हात लावला नाही, स्वतः सोडलं, हळूहळू, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. म्हाताऱ्यानं वाजवायला सुरुवात केली. पहिले दोन सूर फाटले. इतक्या वर्षांत दात कमी झाले होते आणि श्वासही. मग लागलं. चाल मोठी नाही. लेक उंबऱ्यापासून गाडीपर्यंत जाईल एवढीच आहे. मध्ये एका ठिकाणी ती थांबते, कारण तिथं लेक वळून बघणार असा म्हाताऱ्याचा हिशोब होता.

तिथं तो थांबला, तर शालन त्याच्याकडं बघत होती.

“बाबा, हे माझं होतं ना?” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. तोंडात सनई असताना तेवढंच करता येतं. आणि राहिलेलं वाजवून पुरं केलं.

पडद्यावरची रेघ वाकली. मॅडमनी पाहुण्यांना खूण केली. प्रांजलनं काचेच्या भांड्यात ओढ्याचं पाणी ओतलं. त्या आठवड्यात बाजारात राणी रंग होता. त्यात तिनं प्रथिन सोडलं, जरा वेळ हलवलं आणि गाळून उजेडाकडं धरलं. पाण्यातून पलीकडं आनंदरावांचा फेटा स्वच्छ दिसत होता. त्याची एकेक दुमड मोजता आली असती.

“कसं वाटतंय?” प्रांजलनं विचारलं.

“कामात आहे,” प्रथिन म्हणालं.

पाहुण्यांपैकी एकानं जागा पक्की केली. पोरगी आधी मॅडमच्या गळ्यात पडली, मग आईच्या, मग म्हाताऱ्याच्या, आणि सनई मध्ये आल्यामुळं म्हाताऱ्याला बरगडीत लागलं. दुकानातल्या बिलांसाठी आनंदरावांनी दुसरा माणूस बघायचं ठरवलं. ते नळीजवळ जाऊन म्हणाले, “छान घडी बसली हो तुमची,” आणि प्रथिनानं थँक्यू म्हटलं. मग ते म्हाताऱ्याजवळ आले. तोंड उघडलं. सगळे थांबले. जामदाडेसुद्धा.

“गाडी आहे,” आनंदराव म्हणाले. “सोडू का घरापर्यंत?”

“चालत जाईन,” म्हातारा म्हणाला. शालन त्याच्याबरोबर चालत आली. वाटेत तिनं ती चाल गुणगुणायचा प्रयत्न केला, थांबायच्या जागी चुकली, आणि म्हाताऱ्यानं तिला ती परत सांगितली.

प्रथिन आता कॉलेजातच आहे. प्रांजल रविवारी जेवायला येते तेव्हा त्याचा निरोप आणते. निरोप दर वेळी एकच असतो, “आले का ते?” म्हातारा दर वेळी नाही म्हणून कळवतो.

झालं, संपलं. चहाचे कप आत ठेवा. आणि कराडच्या बाजूला कुणी जाणार असाल तर ज्यांचं यायचं राहिलंय त्यांचं नाव नीट लक्षात ठेवा: आनंदराव केशव फुलारी, सिमेंटवाले.